हेतू वाईट नसेल तरी पाप लागतं का?

तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून थांबलो. तुम्ही विचारलंय की सॉक्रेटिस म्हणतो कळत असताना कुणी वाईट वागत नाही, ख्रिश्चन परंपरा म्हणते माणूस मुळातच पापी, मग पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात पाप म्हणजे नुसती चूक की आणखी काही? आणि हेतू चांगला असेल तर पाप लागतं की नाही? यातला शेवटचा प्रश्न मी आमच्या घरात वर्षानुवर्षं पाहिलाय, त्याच्याकडे येतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

पहिली अडचण आपल्या शब्दाचीच आहे. मराठीत पाप "लागतं", जसा विटाळ लागतो किंवा डाग लागतो, तुमच्या मनात काय होतं ते कुणी विचारत नाही. पाप "फेडावं" पण लागतं, म्हणजे ते कर्ज झालं. आणि पापाचा घडा भरतो, म्हणजे कुठेतरी मोजमाप चालूच आहे. मराठी बायबलमध्येही पाप हाच शब्द आहे, त्यामुळे आपण चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिश्चन विचारवंत ऑगस्टीन हातात घेतो तेव्हा हे सगळं सामान सोबत घेऊनच आत शिरतो आणि मग गोंधळ होतो. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर याने १९६० मध्ये यावर लिहिलंय, तो म्हणतो सगळ्यात जुना थर डागाचा, त्यावर देवाशी असलेलं नातं तुटण्याचा, आणि त्यावर अपराधी वाटण्याचा, जो पूर्ण आतला आहे. वरचा थर आला म्हणून खालचा पुसला जात नाही. मला हे वाचताना आपलं "लागणं"च आठवत होतं.

ग्रीकांकडे शब्द आहे हामार्तिया. त्याचं क्रियापद म्हणजे नेम चुकणं, होमरच्या काव्यात भाला लक्ष्यावर न बसता बाजूने गेला की तेच क्रियापद येतं. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे की पुढे बायबलच्या नव्या करारात पापासाठी हाच शब्द वापरला गेला. म्हणजे नेम चुकण्यापासून नरकापर्यंतचा प्रवास एका शब्दाच्या पोटात झालाय.

सॉक्रेटिसचं म्हणणं ऐकायला भाबडं वाटतं पण प्लेटोच्या प्रोटागोरस संवादात तो ते नीट मांडतो. लांबची वस्तू लहान दिसते आणि जवळची मोठी, तसंच जवळचं सुख मोठं दिसतं आणि उद्याचा त्रास बारीक, त्यामुळे माणूस मोजण्यात चुकतो. डायबेटिस असलेला माणूस समोरची जिलेबी उचलतो तेव्हा सॉक्रेटिसच्या मते तो स्वतःचं वाईट निवडत नाहीये, त्याचं माप चुकलंय. म्हणून त्याला ज्ञान हवं. अ‍ॅरिस्टॉटलला हे पटलं नाही, तो सरळ म्हणतो की आपण जे रोज बघतो त्याच्या हे विरुद्ध आहे, माणसाला कळत असतं आणि तरी वळत नाही. आपल्याकडे "कळतं पण वळत नाही" इतकं सहज म्हणतात ना, त्यावर त्याने आपल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकाचा, निकोमाखियन एथिक्सचा, सातवा भाग खर्च केलाय.

पण मला त्याचा पाचवा भाग जास्त कामाचा वाटतो. तिथे तो दुसऱ्याला झालेल्या इजेच्या पायऱ्या लावतो. कुणाला अपेक्षाच करता आली नसती असं घडलं तर ते दुर्दैव. अंदाज यायला हवा होता पण मनात वाईट नव्हतं तर ती चूक. माहीत होतं पण रागाच्या भरात हात उठला तर कृत्य अन्यायाचं, माणूस दुष्ट नाही. आणि विचार करून, ठरवून केलं तर माणूसही दुष्ट. आजच्या कोर्टात अपघात, निष्काळजीपणा, रागाच्या भरात आणि ठरवून असे जे फरक करतात त्यांचा साचा तुम्हाला इथे सापडेल. आणि "मला शुद्ध नव्हती" म्हणणाऱ्या दारुड्याला तो सोडत नाही, उलट दारू पिऊन गुन्हा केला तर दुप्पट शिक्षा असा कायदा होता हे तो मान डोलावून सांगतो, कारण न पिणं त्याच्या हातात होतं.

आता ऑगस्टीन. इथे जरा रेंगाळतो कारण माझ्या मते सगळी कलाटणी इथे आहे. जन्म ३५४ चा, थागास्ते नावाच्या गावचा, म्हणजे आजचा अल्जीरिया. सोळाव्या वर्षी शिक्षण मध्येच थांबलं कारण बापाकडे पुढच्या शिक्षणाचे पैसे जमेनात, वर्षभर पोरगं घरी रिकामं. त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ कुणाचं तरी नासपतीचं झाड होतं. एका रात्री उशिरापर्यंत बाहेर उंडारून ऑगस्टीन आणि त्याच्या मित्रांची टोळी तिथे गेली, झाड हलवलं, ढीगभर फळं उचलली. थोडी चाखली आणि बाकी डुकरांपुढे टाकली. फळं दिसायला चांगली नव्हती, चवीलाही नाही, आणि याहून चांगल्या नासपती त्याच्या घरी होत्या. बस, एवढीच चोरी. चाळिशी उलटल्यावर, बिशप झाल्यावर, ३९७ च्या सुमाराला कन्फेशन्स हे आत्मकथन लिहायला घेतो आणि दुसऱ्या प्रकरणाचा निम्म्याहून जास्त भाग या फळांवर लिहितो.

बरेच जण इथे वैतागतात, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय म्हणून. मीपण पहिल्यांदा वैतागलो होतो. पण तो काय शोधतोय ते बघा. सॉक्रेटिसला उत्तर देता यायला हवं असेल तर अशी चोरी हवी जिच्यात फायदा काहीच नाही. भूक असती तर माप चुकलं म्हणता आलं असतं, सूड असता तर राग म्हणता आलं असतं. कातिलिनासारखा रोमचा कुप्रसिद्ध माणूससुद्धा काहीतरी मिळवायचं म्हणून क्रूर वागला असं तो म्हणतो. मग मी का चोरलं? आणि त्याला सापडतं ते हे की मला नासपती नको होत्या, चोरीच हवी होती. म्हणजे माहिती पूर्ण होती, गरज शून्य होती, आणि तरी मन तिकडे वळलं. दोष डोळ्यांत नाही, वळण्यात आहे. लॅटिनमध्ये तो व्होलुंतास म्हणतो, आपण इच्छाशक्ती म्हणतो पण मला "कल" हा शब्द जवळचा वाटतो.

आणखी एक गोष्ट तो सांगतो जी कॉलेजात ग्रुपमध्ये राहिलेल्या कुणालाही कळेल. एकटा असतो तर केलं नसतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. कुणीतरी म्हणतं चला रे, करूया, आणि मग निर्लज्ज नसण्याचीच लाज वाटते. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

हे सगळं त्याला इतकं महत्त्वाचं का, तर तरुणपणी साधारण नऊ वर्षं तो मानी पंथात होता. त्यांचं म्हणणं की जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती झगडतात, म्हणजे पाप केलं तर ते मी नाही, माझ्यातला अंधार करतो. त्याला हे बरं वाटायचं, तो तसं कबूल करतो. नंतर तो ठरवतो की वाईट ही वेगळी वस्तूच नाही, चांगल्याची उणीव आहे, जसं आंधळेपण ही डोळ्यात घुसलेली वस्तू नाही, दृष्टीचा अभाव आहे. मग ढकलायला दुसरं कुणी उरत नाही. मीच वळलो. मूळ पापाबद्दलचं त्याचं म्हणणं, आदमपासून वारशाने आलेला दोष वगैरे, मला तितकं पटत नाही. पेलॅगियस नावाच्या त्याच्याच काळातल्या ख्रिश्चन उपदेशकाशी त्याचा त्यावरच वाद झाला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ऑगस्टीनच्या बाजूने निकाल दिला. पण तान्ह्या बाळाला दोषी धरणं आणि नासपतीचं प्रकरण या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे मला आजही नीट जुळवता येत नाही. तुमच्या "मुळातच पापी" या प्रश्नाचं मूळ मात्र इथेच आहे.

मधली सातशे वर्षं सोडून देतो. त्या काळात पापांच्या याद्या आणि त्यापुढे किती दिवस पाणी-पाव खाऊन राहायचं याचे दरपत्रक अशा पुस्तिका युरोपभर चालायच्या. म्हणजे पुन्हा हिशोबच. त्याच्यावर खरा घाव घातला फ्रेंच तत्त्वज्ञ पीटर आबेलार याने, बाराव्या शतकात, स्वतःला ओळख अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात. त्याचं म्हणणं, मनात वासना येणं हे पाप नाही, हातून कृत्य होणं हेही पाप नाही, त्या दोहोंच्या मध्ये जी संमती असते ती पाप. एकाच गुन्हेगाराला दोन माणसं फाशी देतात, एक न्याय म्हणून आणि दुसरा जुना डूख काढायला, कृत्य एकच, पण दोघं सारखे नाहीत.

आणि मग तो एका गरीब बाईची गोष्ट सांगतो. तान्हं बाळ आहे, थंडी आहे, पाळण्यात वेगळं पांघरूण घालण्याइतके कपडे नाहीत. म्हणून ती बाळाला आपल्याच चिंध्यांत घेऊन, छातीशी धरून झोपते. थकलेली असते, गाढ झोप लागते, आणि तिच्याच अंगाखाली बाळ गुदमरतं. ती बिशपकडे जाते, तो तिला कडक प्रायश्चित्त देतो. आबेलार म्हणतो तिची काहीही चूक नाही, ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम त्यालाच ती गमावून बसली. शिक्षा दिली ती फक्त तिने आणि इतर बायांनी पुढे जपावं म्हणून. माणसं उघड दिसतं त्याला शिक्षा देतात, मन फक्त देवाला दिसतं.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आबेलारकडे आहे, संमती नाही तर पाप नाही. कॅथलिक शिकवणीत पुढे घोर पापाला तीन अटी आल्या, गोष्ट गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, मनापासून संमती हवी. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७९३ च्या पुस्तकात देवाला मध्ये न आणता हेच वेगळ्या भाषेत आणलं, वाईट माणूस म्हणजे नैतिक नियम न मानणारा नाही, तो नियम मानतोच, पण स्वतःच्या सोयीनंतर मानतो, क्रम उलटा लावतो. माझ्या मते हे ऑगस्टीनच्या "वळण्या"चंच धर्माबाहेरचं रूप आहे. एक फरक मात्र आहे, निव्वळ वाईटासाठी वाईट माणूस करतो हे कान्ट मान्य करत नाही, त्यामुळे नासपतीची चोरी त्याला थोडी अवघडच जाईल. दुसरा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ मध्ये सगळंच उलटवलं, जर्मनमध्ये अपराध आणि कर्ज यांना एकाच मुळाचे शब्द आहेत हे दाखवून तो म्हणाला की ही सगळी अपराधाची भावना सावकार आणि ऋणकोच्या व्यवहारातून आलीय. आपण "पाप फेडणं" म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये.

पण संमती नाही तर पाप नाही, एवढ्यावर मला थांबता येत नाही. माझे मामा ट्रक चालवायचे. एका गावात दुपारी वळणावर एक लहान पोरगा अचानक गाडीखाली आला. वेग कमी होता, ब्रेक मारला होता, पाहणाऱ्या लोकांनीच सांगितलं की यांचा दोष नाही, आणि कोर्टातूनही ते सुटले. नंतर वीस वर्षं मी त्यांना बघितलंय. कुठलीही गाडी सुरू करायच्या आधी ते खाली उतरायचे आणि चारी बाजूंनी फिरून, वाकून, चाकांखाली बघायचे. ट्रक सोडला, स्कूटर घेतली, तरी अंगणात स्कूटरला किक मारायच्या आधी ते वाकायचे. घरचे म्हणायचे अहो तुमचा काय दोष त्यात, ते म्हणायचे दोष नाही माहितीय.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७६ मध्ये नेमकं हेच उदाहरण घेतलं, दोष नसताना मूल गाडीखाली आलेला लॉरी ड्रायव्हर. त्याचं म्हणणं असं की त्याला होणारं दुःख हे रस्त्यावरच्या बघ्याच्या दुःखासारखं नाही, कारण ते त्याच्या हातून झालंय. आपण त्याची समजूत काढतो, काढायलाच हवी, पण तो लगेच "हो, माझा काय दोष" म्हणून मोकळा झाला तर आपल्यालाच त्याच्याबद्दल कसंतरी वाटेल. हा अपराधभाव नाही आणि निव्वळ हळहळही नाही. आणि गंमत म्हणू नका याला, पण अ‍ॅरिस्टॉटलनेही याची जागा ठेवली होती. नकळत केलेल्या कृत्यात तो दोन प्रकार करतो, नंतर ज्याला दुःख झालं त्याच्याबद्दलच म्हणायचं की ते त्याच्या मनाविरुद्ध झालं, ज्याला काहीच वाटलं नाही त्याच्यासाठी वेगळा शब्द. म्हणजे आधी मनात काय होतं हे अंशतः नंतर मनात काय झालं यावरून ठरतं.

म्हणून माझं मत असं आहे, आबेलार बरोबर आहे की त्या बाईचं पाप नाही, आणि तरी ती बिशपकडे गेली ते चुकीचं नव्हतं. बिशपचं चुकलं, कारण त्याच्याकडे द्यायला फक्त शिक्षा होती. तिला शिक्षेहून वेगळं काहीतरी हवं होतं ज्याला पाप-पुण्याच्या भाषेत नाव नाही. आपलं "लागणं" कदाचित त्याच्या जास्त जवळ जातं, पण त्यात विटाळाचा वासही आहे, तो मला नकोसा वाटतो.

वाचायचं कुठून असं तुम्ही शेवटी विचारलंय. कन्फेशन्सचं दुसरं प्रकरण आधी, एका बैठकीत होतं. मग निकोमाखियन एथिक्सचा तिसरा भाग, पहिली काही पानं, आणि पाचव्याचा आठवा अध्याय. आबेलारचं पुस्तक छोटं आहे, इंग्रजी भाषांतर मिळतं, बाईची गोष्ट त्यातच आहे. कान्ट सगळ्यात शेवटी ठेवा. आणि नासपतीच्या प्रकरणात ते मित्रांबद्दलचं आलं की सांगा, त्यावर मला तुमच्याशी बोलायचंय.