एमपीचं मासेमारीचं लायसन्स गुजरातेत चालतं का?

नाही चालत रे. गाडीच्या लायसन्ससारखं हे देशभर लागू नसतं, मासेमारी हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे इंदूरहून बडवानीच्या पुढे गेलास की नर्मदेचा एक काठ आपला, दुसरा महाराष्ट्राचा, त्याच्याही पुढे गुजरात, पाणी एकच पण परवानगी ज्याची त्याची वेगळी.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- पाणी कोणाकडे आहे ते आधी विचार. इंदिरा सागरसारखी मोठी धरणं राज्याच्या मत्स्य महासंघाकडे (मच्छीमार सहकारी संस्थांचा संघ) असतात, गावचे तलाव बरेचदा मच्छीमारांच्या सोसायटीला ठेक्यावर दिलेले. नवीन माणूस इथेच चुकतो, मीही चुकलो होतो, कणकेचा गोळा गळाला लावतोय तोवर सोसायटीचे काका समोर उभे, रॉड गुंडाळून परत यावं लागलं.
- १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडे बंदी, मासे अंडी घालतात तेव्हा. शेजारच्या राज्यात त्यांच्या तारखा.
- महाशीर लागला तर हात ओले करून धर, गळ हळूच काढ आणि सोडून दे. आपल्या राज्याचा अधिकृत मासा आहे तो, नर्मदेत फार कमी उरलाय.

बोट, जाळं आत्ता नकोच. एक साधा रॉड घे, जवळच्या तलावावर बस, परवानगीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेव. आणि पहिला रोहू लागला की नक्की कळव!