बाळ सहा आठवड्यांचं झालं तरी त्याच्याबद्दल प्रेम वाटत नाही. मी वाईट आई आहे का? हे कधी बदलतं?

नाही. आणि तुम्ही निदान विचारलंत तरी. मी सरळ खोटं बोलले होते.

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी ताई भेटायला आली. पहिलाच प्रश्न, "हातात घेतल्यावर डोळे भरून आले ना गं?" मी म्हटलं, "हो." खरं तर लेकीला छातीवर ठेवलं तेव्हा मनात एवढंच होतं, की कुणीतरी पाणी द्या आणि मला झोपू द्या. पुढे जो विचारेल त्याला तेच भरलेले डोळे ऐकवले. सांगता सांगता त्यात हुंदकासुद्धा आला.

घरी दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पाजणं, ढेकर काढणं, दुपटी बदलणं, सगळं चोख करायचे. पण कुणीतरी आपलं मूल माझ्याकडे ठेवून गेलंय आणि न्यायला येत नाहीये, असं वाटायचं. रात्री तीनला बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

सहा आठवड्यांच्या तपासणीत एडिंबरा प्रश्नावली हातात दिली, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची. 1987 सालची, गेल्या सात दिवसांबद्दलचे 10 प्रश्न. पहिलाच : हसू येतं का, गंमत कळते का? मी 'पूर्वीइतकीच' वर खूण केली. डॉक्टर खूश.

लेक चार महिन्यांची असताना तिला नवऱ्याकडे देऊन एकटी परत गेले आणि खरं लिहिलं. 30 पैकी 17, आणि इथे आकडा जितका मोठा तितकी नैराश्याची शक्यता जास्त. मग समुपदेशन, आणि अंगावर पाजत असताना चालतील अशा गोळ्या. थायरॉइडही तपासलं, कारण कधी कधी त्याचाही हात असतो.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "तू आधीपासूनच कोरडी. मला तर पहिल्या क्षणीच..." असेल बाई! पण वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स धाडकन खाली येतात, वर महिनोन् महिने सलग झोप नाही. त्यात जीव जडायला वेळ लागला तर तो स्वभावाचा दोष कसा? 'मूल पाहिलं की सगळं विसरतं' हे वाक्य बाळंतिणीसमोर बोलायला बंदीच हवी. मी काही विसरले नाही, टाकेसुद्धा नाही.

माझं बदललं आठव्या महिन्यात. लेक शिंकली, स्वतःच दचकली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच शिंकले. मला खळखळून हसू आलं. तुमचं कधी बदलेल ते मी कसं सांगू?

हो, एक राहिलं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं आणि आपोआप ओसरतं. तुम्ही त्यापुढे आहात, तेव्हा वाट बघत बसू नका, डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, नसलेले आवाज ऐकू आले, तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा.

आणि ती प्रश्नावली दिली तर खरी भरा. सोबत ताई आली असेल तर तिला बाहेर बसवा.