वाचकांचे प्रश्न : गायकाचा चरित्रपट आणि पैशांचे गणित

गेल्या अंकात संगीतप्रधान चरित्रपटांवर लेख आल्यानंतर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. अभिनय किंवा दिग्दर्शनाऐवजी बहुतेकांनी थेट खर्चाबद्दल आणि भांडवलाबद्दल विचारले आहे, म्हणून या वेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे.

आम्ही काही नाट्यप्रेमी मंडळी संगीत रंगभूमीवरच्या एका दिवंगत गायक-नटावर चित्रपट काढण्याच्या विचारात आहोत. त्यांच्या घरच्यांनी लेखी संमती दिली आहे. गाण्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागेल का? — एक वाचक, सांगली

करावी लागेल, आणि ती पटकथा लिहून घेण्याआधी करावी लागेल. घरच्यांची संमती आणि गाण्यांचे हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच अशा चित्रपटांचे अंदाजपत्रक सर्वांत आधी कोलमडते. संमतीची कायदेशीर गरज आपल्याला वाटते तितकी नसते. सार्वजनिक नोंदींवर आधारलेले जीवनचरित्र संमतीशिवाय प्रसिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आर. राजगोपाल खटल्यात म्हटले. आणि खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली सुशांतसिंह राजपूत प्रकरणात घेतली. तरीही संमती जरूर घ्यावी, कारण पत्रे, वह्या, खासगी छायाचित्रे आणि घरगुती मैफलींच्या टेप त्या घरातच असतात आणि त्यांच्यावाचून पटकथेत जीव येत नाही.

गाण्याचे मात्र वेगळे आहे. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन मालमत्ता असतात आणि तिघांचे धनी तीन असू शकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि निधनानंतरच्या ६० वर्षांपर्यंत राहतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे राहतो. आपल्याच भागातली उदाहरणे घेऊ. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे निधन १९१६ साली झाले, त्यामुळे त्यांची पदे कधीच मोकळी झाली. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे निधन १९४८ चे, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला. त्यांच्याच ‘मानापमान’ नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, त्यांचे निधन १९५५ साली झाले, तेव्हा त्या चाली २०१५ नंतर मोकळ्या झाल्या. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि ते १९२२ सालीच गेले. पण ‘स्वयंवर’ करणाऱ्या, बालगंधर्वांच्या त्याच गंधर्व नाटक मंडळीचे १९३१ चे ‘कान्होपात्रा’ घेतले, तर अभंगांचे शब्द संतांचे, म्हणजे सर्वांचे, आणि चाली मास्तर कृष्णरावांच्या, ज्यांचे निधन १९७४ साली झाले. त्या चालींवरचा हक्क २०३४ अखेरपर्यंत आहे. एकाच गायकाच्या तोंडची दोन पदे, एक फुकट आणि एक विकत, अशी ही अवस्था आहे. म्हणून लेखकाला पहिला हप्ता देण्याआधी गाण्यांचा तक्ता करावा, प्रत्येक पदापुढे कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रिका कंपनी लिहावी, आणि ज्या पदाचा धनी सापडत नाही किंवा परवडत नाही ते पद पटकथेत येऊच देऊ नये.

हक्क लिहून घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. याचा अर्थ असा, की वारसांनी कोऱ्या कागदावर ‘आमची हरकत नाही’ एवढे लिहून दिले, तर सहाव्या वर्षी आपला चित्रपट परदेशातल्या कोणत्या तरी वाहिनीला विकताना आपल्या हातात काहीच नसते.

शाहिरांवरच्या किंवा गायकांवरच्या चित्रपटांत त्यांचा मूळ आवाजच का वापरत नाहीत? तो तर तयारच असतो, मग खर्च कमी नाही का होणार? — एक वाचिका, वाई

बहुतेक वेळा खर्च वाढतो. आपल्या तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे यांचेच उदाहरण पाहू. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत त्यांच्या आवाजाने घराघरांत गेले, पण शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची. बढे १९७७ साली गेले आणि खळे २०११ साली, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालीवरचा २०७१ अखेरपर्यंत राहणार. हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले तरी हा हिशेब आपोआप पुसला जात नाही. ज्याने ते अजरामर केले त्या गायकाच्या चरित्रपटालासुद्धा ते त्याच्या वारसांकडून मिळू शकत नाही, हे पुष्कळ लोकांना अन्यायाचे वाटते. मला ते तितके अन्यायाचे वाटत नाही, कारण कवी आणि संगीतकाराच्या घरांचाही विचार कोणी तरी करायला हवा.

मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर वरच्या दोघांशिवाय कंपनीकडून दृश्यासोबत वापरण्याचा परवाना, ज्याला धंद्यात सिंक राइट्स म्हणतात, तो घ्यावा लागतो. त्याला ठरलेला दर नाही. गाण्याची कीर्ती, वापराचे सेकंद आणि चित्रपट कुठे कुठे दाखवणार यावर घासाघीस होते. याशिवाय जुन्या तबकडीचा आवाज आजच्या चित्रगृहात उघडा पडतो. म्हणून जी चाल मोकळी आहे ती आजच्या गायकाकडून नव्याने गाऊन घेणे हा मार्ग बहुतेक निर्माते धरतात. २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये पडद्यावर सुबोध भावे होते आणि आवाज आनंद भाटे यांचा होता, त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्या ध्वनिमुद्रणाचा खर्च गायक, वादक आणि स्टुडिओ एवढाच राहतो, आणि ते ध्वनिमुद्रण निर्मात्याच्या मालकीचे होते.

हा शेवटचा मुद्दा पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. एरवीच्या चित्रपटात नवी गाणी संगीत कंपनीला विकून निर्माता प्रदर्शनाआधीच काही रक्कम उभी करतो. चरित्रपटात जुनी गाणी असतील तर तीच कंपनी विक्रेता होते आणि निर्माता गिऱ्हाईक होतो. जमेची बाजू थेट खर्चात जाते, आणि नवशिक्या निर्मात्याच्या कागदावर ती बहुधा अजूनही जमेतच लिहिलेली असते.

चित्रीकरण मुंबईऐवजी सांगली, मिरज, वाई असे केले तर जुना काळ उभा करण्याचा खर्च वाचेल का? — एक वाचक, मिरज

काही वाचेल, सगळा नाही. मेणवलीचा घाट, वाईचे घाट, जुने वाडे हे तयार नेपथ्य आहे, आणि म्हणूनच हिंदी चित्रपटही तिकडे येतात. तंबोरे, सतारी आपल्या मिरजेत बनतात, त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जुन्या घडणीचे वाद्य भाड्याने किंवा उसने मिळवणे इथे सोपे आहे. पण मुक्काम, जेवणखाण, गाड्या आणि मुंबई-पुण्याहून आणलेल्या माणसांचे दिवस यांत ती बचत बरीचशी जिरते.

खरा खर्च काळ उभा करण्यात आहे. १९२० सालचा रस्ता दाखवायचा तर विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे आणि सिमेंटच्या इमारती एकतर चौकटीबाहेर ठेवाव्या लागतात किंवा नंतर संगणकावर पुसाव्या लागतात, आणि असे पुसण्याचे पैसे प्रत्येक शॉटमागे मोजावे लागतात. नाटकाच्या प्रयोगाचे दृश्य असेल तर रंगमंचावरचे पडदे, शालू, दागिने एकीकडे, आणि समोरचे दोनशे प्रेक्षक त्या काळच्या पगड्या-पातळांत बसवणे दुसरीकडे. कॅमेरा गायकाकडेच असला तरी त्या दोनशे जणांचा भत्ता चुकत नाही. माझा सल्ला असा, की बाहेरचे रस्ते कमी लिहावेत आणि मैफल, तालीम, माजघर, नेपथ्यामागची जागा अशी आतली दृश्ये जास्त लिहावीत. गायकाचे आयुष्य तसेही तिथेच जाते.

आमचा गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा व्यवसाय आहे. एका निर्मात्याने ‘सहनिर्माता’ म्हणून नाव देऊन २५ लाख रुपये मागितले आहेत. पैसे घालावेत का? — एक वाचक, विटा

घालावेत की नाही हे आपण ठरवावे. घातलेच तर काय लिहून घ्यावे ते सांगतो. सोन्याचा कस पाहणाऱ्या माणसाने पाटीवरचे नाव पाहून व्यवहार करू नये.

पहिले, आपले पैसे कर्ज आहेत की भाग, हे स्पष्ट हवे. कर्ज असेल तर व्याज, मुदत आणि तारण लिहावे. भाग असेल तर तो नफ्यात आहे की चित्रपटाच्या मालकीत, हे लिहावे, कारण नफ्यातला भाग आज संपतो आणि मालकीतला भाग दहा वर्षांनी एखाद्या वाहिनीने चित्रपट पुन्हा घेतला तरी उत्पन्न देतो. दुसरे, साध्या भागीदारी संस्थेत शिरू नये. तिथे संस्थेच्या देण्यापोटी आपली घरची मालमत्ताही अडकू शकते. मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, किंवा त्या चित्रपटापुरती कंपनी असावी आणि तिचे बँक खाते वेगळे असावे. तिसरे, आणि गायकाच्या चरित्रपटात हेच पहिले म्हणायला हवे, गाण्यांच्या हक्कांची मूळ कागदपत्रे आपल्या वकिलाने पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘बोलणी चालू आहेत’ हे उत्तर आले, तर पैसेही बोलण्यातच ठेवावेत.

चौथे, परतफेडीचा क्रम. आलेल्या पैशातून आधी प्रसिद्धीचा खर्च, मग वितरकाचे कमिशन, मग व्याजी पैसा, आणि उरले तर भागीदार, असाच क्रम बहुधा असतो. आपण कितव्या क्रमांकावर आहोत ते विचारावे. व्याजी पैसा किती आहे हेही विचारावे. चित्रपट व्यवसायाला १९९८ साली उद्योगाचा दर्जा मिळाला, तरी लहान मराठी निर्मात्याला बँक सहजासहजी दारात उभी करत नाही आणि तो खासगी फायनान्सरकडे जातो. समजा, दरमहा दोन टक्क्यांनी एक कोटी घेतले आणि एका पदाच्या परवान्यासाठी चित्रपट दीड वर्ष रखडला, तर सरळव्याजानेच ३६ लाख झाले. आपल्या २५ लाखांपेक्षा ते जास्त आहेत, आणि ते आपल्या आधी फिटणार.

सांगलीकरांना हे नवे नाही. गंधर्व नाटक मंडळी लोकप्रियतेच्या शिखरावर असताना कर्जात रुतली, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३० च्या दशकात सांगलीत चित्रपटनिर्मिती करून पाहिली तेव्हा तो उद्योग त्यांना आर्थिकदृष्ट्या पेलला नाही. गळा असामान्य होता. त्याने हिशेब सुटला नाही.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने ९० कोटी डॉलरपेक्षा जास्त गल्ला केला. मराठीत असा गायकपट का चालत नाही? — एक विद्यार्थी, कराड

त्या चित्रपटाचा खर्चच सुमारे ५ कोटी डॉलर होता आणि त्याची बाजारपेठ सारे जग होती, हा एक भाग झाला. पण त्यात शिकण्यासारखे दुसरेच आहे. ज्यावर तो चित्रपट आहे त्या क्वीन या वाद्यवृंदाचे सदस्य ब्रायन मे आणि रॉजर टेलर निर्मितीत स्वतः सहभागी होते, त्यामुळे गाणी आणि मूळ आवाज दोन्ही हाताशी होते. याउलट अमेरिकन गिटारवादक-गायक जिमी हेंड्रिक्सवर २०१३ साली आलेल्या चित्रपटाला त्याच्या वारसा-संस्थेने गाणी नाकारली, आणि त्याला स्वतः हेंड्रिक्सने रचलेल्या गाण्यांविनाच पडद्यावर यावे लागले. हक्काच्या धन्याला दर विचारण्याऐवजी त्याला भागीदार करणे हा मार्ग मराठीतही मोकळा आहे, आणि लहान निर्मात्याला रोख रकमेपेक्षा तो अधिक झेपणारा आहे.

आपल्याकडच्या वसुलीचे गणित एकदा मांडून पाहा. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात झालेल्या समझोत्यात कर वजा जाता पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नातले ५० टक्के, दुसऱ्यातले ४२.५, तिसऱ्यातले ३७.५ आणि पुढे ३० टक्के निर्माता-वितरकाच्या बाजूला ठरले होते. सरासरी ४५ टक्के धरू आणि त्यातून दहा टक्के वितरकाचे कमिशन काढू. निर्मात्याच्या हाती साडेचाळीस टक्के राहिले. चित्रपटाला चार कोटी आणि प्रसिद्धीला एक कोटी लागले असे मानले, तर केवळ चित्रगृहांतून मुद्दल सोडवायला कर वजा जाता बारा कोटींहून अधिक गल्ला हवा. डिजिटल आणि उपग्रह (म्हणजे दूरचित्रवाणीचे) हक्क व शासनाचे अनुदान मिळून दीड कोटी आले, तर तोच आकडा साडेआठ कोटींच्या थोडा वर येतो. गायकपटाचा प्रेक्षक वयाने मोठा असतो आणि तो पहिल्या शुक्रवारी धावत नाही. तो ऐकून, विचारून तिसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे निर्मात्याचा वाटा उतरलेला असताना येतो, आणि तेही तोवर खेळ शिल्लक राहिले तर.

‘मंथन’ हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिला. आम्ही रसिकांकडून हजार-हजार रुपये जमवून गायकाचा चित्रपट काढू शकतो का? — एक वाचक, तासगाव

परताव्याचे आश्वासन देऊन नाही. १९७६ साली ती रक्कम दूध संघांच्या सभासदांकडून, संघांमार्फत आली होती. आज अनोळखी लोकांकडून परतफेडीच्या बोलीवर पैसे गोळा केले, तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आड येतो, आणि खासगी कंपनीला भाग द्यायचे तरी एका आर्थिक वर्षात दोनशे व्यक्तींची मर्यादा आहे. निव्वळ देणगी म्हणून घ्यायचे असेल तर नोंदणीकृत न्यासामार्फत, पावती देऊन घ्यावे आणि पावतीवर ‘परतावा नाही’ असे छापावे. त्या मार्गाने पूर्ण चित्रपट क्वचितच उभा राहतो, पण गाण्यांचे हक्क आणि नवे ध्वनिमुद्रण एवढा पहिला टप्पा उभा राहू शकतो. तो हाती असला की मोठ्या निर्मात्याकडे जाताना आपण मागणारे राहत नाही.