ठोसा शेवटी जातो, पाय आधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हेवीवेट बॉक्सर मुहम्मद अलीच्या शेवटच्या पाच लढतींवर लेख होता. १९७७ची अर्नी शेव्हर्सची, १९७८च्या लिऑन स्पिंक्सबरोबरच्या दोन, १९८०ची लॅरी होम्सची आणि १९८१ची ट्रेव्हर बर्बिकची. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

होम्ससमोर उतरला तेव्हा अली अंगाने अगदी तरुणपणासारखा दिसत होता, पोट नाही की काही नाही. वयही ३८च. मग दहा फेऱ्यांत त्याचं काहीच कसं चाललं नाही?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबाजोगाई)

फसगत त्या अंगकाठीनेच झाली. ३० ऑक्टोबर १९७४ला आफ्रिकेतल्या किन्शासात तेव्हाच्या विजेत्या जॉर्ज फोरमनला पाडलं तेव्हा अलीचं वजन २१६.५ पौंड होतं. २ ऑक्टोबर १९८०ला लास व्हेगासमध्ये होम्ससमोर ते २१७.५ भरलं. फरक अर्ध्या किलोचाही नाही. पण वजन कसं उतरवलंय हे काटा सांगत नाही. स्पिंक्सच्या लढतींनंतरच्या निवृत्तीच्या काळात तो २५० पौंडांच्या, म्हणजे ११३ किलोंच्या घरात गेला होता. काही महिन्यांत पंधराएक किलो उतरवायचे होते. त्यासाठी धावणं आणि कमी खाणं होतंच, वर थायरॉइडच्या गोळ्या आल्या. त्याही त्याने सांगितल्यापेक्षा जास्त घेतल्या.

गरज नसताना या गोळ्या घेतल्या की शरीराची भट्टी रात्रंदिवस पेटलेली राहते. वजन भराभर उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही जळतात. बसल्या जागी नाडी धावते, झोप लागत नाही, उकाडा सोसत नाही. लढत होती सीझर्स पॅलेस हॉटेलच्या आवारात, उघड्यावर, वाळवंटी हवेत. पहिल्या फेरीपासूनच अलीच्या अंगात जोर नव्हता. आरशात तो १९७४चा अली दिसत होता, आतलं इंधन मात्र संपलेलं होतं.

गोळ्या हे त्या रात्रीचं कारण. खरं दुखणं त्याच्या आधी दहा वर्षं साचत आलं होतं. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे आलेल्या १९६७ ते १९७० या बंदीच्या काळात त्याच्या पायांची उमेदीची वर्षं गेली. परत आल्यावर पूर्वीसारखं नाचत ठोसे चुकवणं जमेना, म्हणून तो दोराला टेकून ठोसे झेलू लागला. याच डावाने त्याने फोरमनला दमवलं, म्हणून लोकांनी त्याला हुशारी म्हटलं. पण तो डाव तालमीतही रोज घोटला जात होता. सरावातल्या जोडीदारांना तो स्वतःला मारू द्यायचा. लढती मोजता येतात, सरावातले ठोसे कुणीच मोजत नाही.

इशारे मिळाले नव्हते असं नाही. शेव्हर्सच्या लढतीनंतर फर्डी पाचेको या त्याच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या तपासणीचे अहवाल अली आणि त्याच्या माणसांना पाठवले. उत्तर आलं नाही, तेव्हा ते बाजूला झाले. होम्सच्या लढतीआधी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना अडखळणं, नाकाला बोट लावताना किंचित चुकणं, या बारीक गोष्टी तिथे नोंदल्या गेल्या. परवाना तरीही मिळाला.

दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. कोपऱ्यातला दुसरा साथीदार बंडिनी ब्राउन आणखी एक फेरी द्या म्हणून विनवत होता, पण डंडीने रेफ्रीला बजावलं की कोपऱ्याचा मुख्य मी आहे आणि माझाच शब्द चालेल. ६१ लढतींच्या कारकिर्दीत अलीला वेळेआधी थांबवलं गेलं ते एवढ्या एकदाच. डंडीचं हे काम त्याच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठं आहे, असं आमचं मत आहे. तरीही ११ डिसेंबर १९८१ला अली बहामाजमध्ये २३६ पौंडांवर पुन्हा उतरला आणि बर्बिककडून गुणांवर हरला. त्यानंतर तीन वर्षांत पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराचं निदान झालं.

अली भारतात लढला होता असं आमचे आजोबा सांगतात. खरं आहे का?
(एक वाचक, हिंगोली)

खरं आहे. जानेवारी १९८०मध्ये दिल्लीत तो कौर सिंग यांच्याबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला. त्याच कौर सिंग यांनी १९८२च्या दिल्ली आशियाईत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. प्रदर्शनीय असल्याने ती लढत कारकिर्दीतल्या ६१ लढतींत धरली जात नाही.

आमच्या तालमीत कुस्तीतून बॉक्सिंगकडे वळलेला एक पठ्ठ्या आहे. वय ३६, वजन ९८. बॅगवर मारतो तेव्हा साखळी कडकड वाजते. पण स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावलढतीत, हल्ली विशीतली पोरं त्याला मारून जातात. तो म्हणतो, वस्ताद, सराव कमी पडतोय. सराव वाढवावा का?
(एक वस्ताद, उदगीर)

वाढवू नका. निदान आधी हे तपासा.

वजनदार बॉक्सरच्या ठोशातला जोर सगळ्यात शेवटी जातो. आधी पाय जातात, मग डोळा आणि हात यांच्यातला मेळ, मग मार पचवायची ताकद. बॅगेवर हे कळत नाही, कारण बॅग उलटून मारत नाही. म्हणून बॉक्सरला स्वतःला आपली उतरण कळत नाही. उलट साखळी वाजते म्हणून त्याची खात्रीच पटते की आपण आहोत तसेच आहोत. हे त्याला दाखवून द्यावं लागतं आणि ते काम वस्तादाचं आहे.

ज्या मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन आहे, तो तिपाईवर लावा. चौकटीत तुमचं पॅड आणि त्याची मूठ दोन्ही आली पाहिजेत. सकाळी, हलकं अंग गरम केल्यावर, दमायच्या आत हे करा. पॅड खाली धरून उभे राहा आणि दोन ते सहा सेकंदांच्या अनियमित अंतराने झटकन वर करा. त्याने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा. असे वीस वेळा. नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत पॅड हललं तिथपासून मूठ हलली तिथपर्यंतची चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. वीस आकडे चढत्या क्रमाने मांडून दहाव्या-अकराव्याचा मध्य वहीत लिहा. बहुतेक निरोगी माणसांचा आकडा ५० ते ६०च्या दरम्यान येतो, पण दुसऱ्याशी तुलना नकोच. त्याची तुलना त्याच्याशीच. दर महिन्याला त्याच वेळी, तोच मोबाइल, तोच उजेड.

सहा महिन्यांत हा आकडा दहाने वाढला तर तो ४० मिलिसेकंदांनी मागे पडलाय. जाणत्या वजनदार बॉक्सरची मूठ सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने येते. ४० मिलिसेकंदांत ती ३६ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत पुढे सरकते. जो ठोसा पूर्वी कानाजवळून जायचा तो आता हनुवटीवर का बसतो, याचं उत्तर त्या दीड वितीत आहे. त्याला ठोसा दिसतो, पण डोकं हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

आकड्याच्या जोडीला डोळ्यांनीही पाहा. जॅब मारून हात परत येताना गालाकडे न येता छातीकडे पडतो का? दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात का? बाजूला सरकायच्या जागी सरळ मागे जाऊन दोराला टेकतो का? फेरी संपल्यावर नाडी मोजा आणि बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. पूर्वी त्या मिनिटात जेवढी उतरायची त्याच्या निम्मीच उतरत असेल, तर पुढच्या फेरीत तो दमलेलाच जातो. दमलेल्याची मान सैल पडते आणि सैल मानेवर बसलेला ठोसा डोकं जास्त जोरात फिरवतो.

आता सराव. डोक्यावर मार खाणारं स्पारिंग आठवड्यात एकदाच, तीन फेऱ्या, १६ औंसांची म्हणजे ४५४ ग्रॅमची ग्लोव्ह्ज, आणि समोर जोर आवरता येईल असा जोडीदार. स्वतःला सिद्ध करायला आलेलं पोर नको. स्पर्धेआधी दहा दिवस स्पारिंग पूर्ण बंद. कुस्तीतून आलाय, तर मानेची ताकद त्याच्याकडे आहेच, ती आठवड्यातून दोनदा राखा. धावणं डांबरी रस्त्यावर नको, ९८ किलोंच्या गुडघ्यांवर त्यात ताण येतो. शेताची मऊ वाट किंवा सायकल चालेल. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचा सराव अजिबात नको. पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत संपवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा, जेवढं उतरलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत मीठ-साखर घालून द्या. वजन गटात बसवायला जाड जर्किन घालून घाम काढणं आणि लघवीच्या गोळ्या हे दोन्ही बंद. अंगातलं पाणी आटल्यावर डोक्याला ठोसा बसणं आणखी धोक्याचं.

सरावात डोकं गरगरलं किंवा पाय लटपटले तर तो दिवस तिथेच संपला. रेफ्रीने डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबवली असेल तर शुद्ध हरपली नसली तरी किमान ३० दिवस कसलाही मार नाही. शुद्ध हरपली असेल तर त्याहून बराच जास्त काळ, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. मोठ्या गटाच्या हौशी स्पर्धांत तसाही ४० वर्षांपर्यंतच प्रवेश आहे. म्हणजे त्याच्याकडे जेमतेम चार वर्षं आहेत. आकडा घसरताना दिसला तर ती चार वर्षं त्याला तुमच्या शेजारी पॅड धरायला उभं करा. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल पाहिलाय. मल्लाचा वस्ताद होण्याचा मान आपल्याकडे कमी नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मग जॉर्ज फोरमन ४५व्या वर्षी विजेता कसा झाला? त्याला हा नियम लागू नव्हता का?
(क्रीडाशिक्षक, जालना)

लागू होता, आणि तो त्याला पुरता ठाऊक होता. ५ नोव्हेंबर १९९४ला त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडलं, तेव्हा तीनही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. नऊ फेऱ्या तो मार खात पुढे चालत राहिला आणि जवळून मारलेल्या आखूड उजव्या ठोशावर लढत फिरली. जोर शेवटी जातो, याचा याहून चांगला दाखला नाही.

दोन गोष्टी त्याच्या बाजूच्या होत्या. १९७७ ते १९८७ ही दहा वर्षं तो रिंगबाहेर होता. त्या दहा वर्षांत डोक्यावर ठोसा नाही. त्याच वयात अलीला अशी सलग विश्रांती मिळाली नाही. दुसरं म्हणजे पाय गेलेत हे त्याने मान्य केलं आणि पायांवर अवलंबून नसलेली पद्धत उभी केली: दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरून ठोसे अडवायचे, जागेवरून जड जॅब मारायचा, समोरच्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. फेऱ्यांमध्ये तो स्टुलावर बसतही नसे, उभा राहायचा. शेवटची लढत १९९७मध्ये, ४८व्या वर्षी, गुणांवर हरला आणि थांबला.

फोरमनचं उदाहरण देऊन कुणा पस्तिशीतल्या पोराला रिंगमध्ये ढकलू नका. त्याच्या बाजूला जो लुई या जुन्या विजेत्याला ठेवा. करापायी डोक्यावर कर्ज म्हणून परतला, आणि २६ ऑक्टोबर १९५१ला रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर पाडलं. इव्हँडर होलीफील्डचं घ्या. उतरलेल्या कौशल्याचं कारण देऊन न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने २००५मध्ये त्याला मनाई केली, तरी तो इतर ठिकाणी २०११पर्यंत लढत राहिला. स्वतः वेळेवर उठलेल्यांत मार्सियानो आहे. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६मध्ये ३२व्या वर्षी निवृत्ती.

हेडगार्ड घातला की मेंदूला इजा होत नाही ना?
(पालक, नांदेड)

होते. हेडगार्डने भुवई-कपाळाच्या जखमा वाचतात. पण मेंदूला धोका असतो तो डोकं झटक्यात फिरण्याचा, आणि ते फिरणं हेडगार्ड रोखू शकत नाही. हौशी स्पर्धांत पुरुषांच्या मोठ्या गटातून २०१३मध्ये तो काढला गेला. सरावात मुलाला घालू द्या, पण त्याच्या भरवशावर जास्त मार खाऊ देऊ नका.

माझे मालक बारा वर्षं बॉक्सिंग खेळले. आता ४१ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून बोलणं जड झालंय, हातातून वस्तू पडतात, लवकर चिडतात, सांगितलेलं विसरतात. घरचे म्हणतात दारू सुटल्यामुळे असेल. मी काय करू?
(गृहिणी, परभणी)

ताई, तुम्ही जे पाहताय ते मनाचे खेळ नाहीत आणि ते उगाच चिडतही नाहीत. वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेल्यांत ही लक्षणं दिसतात. १९२८मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा मांडली. पण दुसरी, बरी होणारी कारणंही असू शकतात, म्हणून आधी ती शोधायची.

एक वही करा. बोलणं कधी जड होतं, सकाळी की संध्याकाळी, काय पडलं, काय विसरले, तारीख घालून लिहा. दर रविवारी त्यांना एकच उतारा मोठ्याने वाचायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करा. टाचेला चवडा लावत दहा पावलं सरळ रेषेत चालायला सांगा, डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत महिने उलटे म्हणायला सांगा, किती सेकंद लागले ते लिहा. मेंदूविकारतज्ज्ञांसमोर "हल्ली बरं नसतं" असं सांगण्यापेक्षा ही वही जास्त बोलते. किती वर्षं खेळले, किती वेळा शुद्ध हरपली, शेवटचा मोठा मार कधी बसला, हेही पहिल्या पानावर लिहा.

बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, या दोन्हींच्या कमतरतेने विसराळूपणा येतो आणि औषधाने सुधारतो. एमआरआय सांगितला तर करा, पण तो ठीक आला म्हणून विषय संपला असं धरू नका. वारंवारच्या माराने होणाऱ्या झिजेची पक्की खात्री जिवंतपणी होत नाही, डॉक्टर लक्षणांवरूनच चालतात. डोळ्यांच्या पडद्याचीही तपासणी करा, बॉक्सरमध्ये तो सुटू शकतो. दारू सुटलीय ती सुटलेलीच राहू द्या. आणि हौस म्हणूनही पुन्हा ग्लोव्ह्ज नकोत.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. मेंदूवरच्या शिरा वयाबरोबर ताणल्या जातात, तेव्हा साधं पडलं तरी आत हळूहळू रक्त साचू शकतं. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, एक बाहुली मोठी दिसली किंवा उठवूनही नीट जागे होईनात, तर सकाळची वाट पाहू नका. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं, डोकेदुखीची गोळी देणं यांत वेळ घालवू नका. कुशीवर निजवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्याच रुग्णालयात न्यायला सांगा. त्या गडबडीत वहीही बरोबर घ्या.