परसातल्या नव्या झाडांना पाणी किती द्यायचं?

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय : "जुलैमध्ये दारात केशर आंब्याचं कलम आणि साई सरबती लिंबू लावला. रोज सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालते, तरी पानं पिवळी पडून गळतायत. पाणी कमी पडतंय का?"

ताई, पाणी जास्त होतंय. तुमच्याकडची कृष्णाकाठची काळी जमीन ओली झाली की फुगते, मातीतली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. कुजलेल्या मुळांना पाणी उचलता येत नाही. त्यामुळे झाड तहानल्यासारखं दिसतं आणि आपण आणखी एक बादली ओततो. घरोघरी फिरताना मला परसातली मेलेली रोपं दिसतात, त्यातली बरीचशी या मायेनंच गेलेली असतात.

माती वाफशावर येईपर्यंत, म्हणजे चिकटपणा जाऊन ती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, पाणी बंद ठेवा. त्यानंतर दर वेळी खोडापासून वीतभर लांब खुरप्यानं 4 बोटं उकरून बघा. मुठीत दाबून मातीचा लाडू वळला तर पाणी नको. भुरभुरली तर 10-15 लिटर सावकाश द्या. पण जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबू नका, भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात.

आळं बांगडीसारखं करा. खोडाशी मातीची भर आणि तिच्याभोवती गोल चर, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. लिंबाच्या बाबतीत हे नक्की करा, नाहीतर डिंक्या लागतो, म्हणजे खोडाची साल कुजून डिंक गळायला लागतो. बाथरूमचं साबणाचं पाणी एवढ्या लहान रोपांना सोडू नका.

आणखी एक बघा. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर तिथली माती हळूच बाजूला करून तो उघडा करा. जोडाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच असेल तर ब्लेडनं उभी चिरून काढा, नाहीतर खोड जाड होताना ती आत रुतते. जोडाच्या खालून येणारी फूट कितीही जोमदार असली तरी खुडायचीच. ती रायवळ आंब्याची असते आणि वरचा केशर दाबून टाकते.

माण तालुक्यातल्या एका दादांची अडचण उलटी आहे. त्यांची जमीन मुरमाड, पाणी विकतचं, आणि दुपारी रोपं माना टाकतात. दादा, मुरमात पाणी टिकत नाही, म्हणून थोडं थोडं आणि लवकर लवकर द्यावं लागतं. जुना माठ घ्या, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात बसवा आणि खोडापासून हातभर लांब गळ्यापर्यंत पुरा. भरून झाकण ठेवलं की पाणी मुळांपाशी झिरपत राहतं. आळ्यात उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत 3-4 इंच पसरा, खोडाजवळ मात्र 4 बोटं जागा मोकळी सोडा. मुरमात वाळवीचा त्रास असतो, अधूनमधून पाचट उचलून बघत जा.

खत घालायची घाई दोघांनीही करू नका. नवी पालवी आली की कुजलेलं शेणखत घाला, युरिया आत्ता नको. शेरडांसाठी भोवती बाभळीच्या काटेरी फांद्या रोवा. मार्चपासून पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करा, कारण तिन्हीसांजेपर्यंतचं तिरपं ऊन कोवळं खोड भाजतं. पहिली 3 वर्षं आंब्याला मोहर आला तर तो काढून टाका. जिवावर येतं, पण त्या वयाच्या फांद्यांना फळं पेलत नाहीत.