ढोम्याच्या डोक्यातील खडे आणि मत्स्यविज्ञानाची वाट

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासळी विकते, यजमान होडीवर तांडेल आहेत. मुलगी बारावी विज्ञानाला आहे. ढोमा साफ करताना त्याच्या डोक्यातून निघणारे पांढरे खडे ती काडेपेटीत साठवते. त्यांवरून माशाची वाढ आणि वीण यांचा अभ्यास करतात असे तिने वाचले असून तिला आता तेच शिकायचे आहे. घरातले म्हणतात, फार्मसीला घाला; माशाचे वय सांगून पोट कसे भरणार? शिवाय मुलीच्या जातीला समुद्रावर जावे लागेल का, ही काळजी आहेच. – एक आई, हर्णै

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातल्यांची शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. केवळ माशाचे वय सांगण्यासाठी कोणी नोकरी देत नाही. ते मत्स्यविज्ञानातील एक कौशल्य आहे, आणि करिअर करायचे ते मत्स्यविज्ञानात. हा फरक लेकीला आत्ताच समजला, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतील.

आता त्या खड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लेक नेमके कशाच्या मागे लागली आहे हे आईला कळले पाहिजे. इंग्रजीत त्यांना ऑटोलिथ म्हणतात, मराठीत कर्णाश्म म्हणता येईल. बोलण्यात आपण त्यांना कानातले हाड म्हणत असलो, तरी ते खरे हाड नव्हे. माशाच्या अंतःकर्णात कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडी प्रथिने यांपासून घडलेल्या अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात आणि तोल सांभाळणे व ऐकणे यांसाठी मासा त्यांचा उपयोग करतो. बहुतेक समुद्री माशांत यांपैकी ‘सॅजिटा’ नावाची जोडी सर्वांत मोठी असते. तुमच्या लेकीच्या काडेपेटीत बहुधा तीच जमली आहे. ढोमा आणि घोळ यांच्या कुळात हे खडे इतके ठळक असतात की त्या कुळातील एका वंशाचे शास्त्रीय नावच ‘ओटोलिथिस’ असे पडले आहे. सुरुवात ढोम्यापासून झाली हे तिचे नशीब म्हणायचे, कारण सुरमई किंवा बांगडा घेऊन बसली असती, तर त्यांचे लहान आणि ठिसूळ कर्णाश्म हाती लागण्याआधीच मोडले असते. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, डोक्यात असे खडे सापडतच नाहीत. तिचे वय मणक्यांवरील वलयांवरून काढतात.

या खड्याचे वैशिष्ट्य असे की त्यावर एकदा चढलेला थर सहसा पुन्हा झिजत नाही. उपासमारीच्या काळात माशाच्या खवल्यांतील चुना शरीर परत वापरू शकते, पण कर्णाश्मातील नोंद तशीच राहते. थंड समुद्रांत उन्हाळा आणि हिवाळा यांतील वाढीचा फरक मोठा असल्यामुळे वर्षाचे वलय स्पष्ट उमटते. आपल्या उबदार पाण्यात ते बरेचदा अस्पष्ट असते, आणि पावसाळा, अन्नाची टंचाई किंवा विणीचा ताण यांमुळेही फसव्या रेषा उमटू शकतात. मात्र १९७१ मध्ये जॉर्जिओ पॅनेला या संशोधकाने कर्णाश्मात रोजची सूक्ष्म वलयेही असतात हे दाखवून दिले आणि उष्ण कटिबंधातील लहान माशांच्या अभ्यासाला मोठा आधार मिळाला. समजा, १ सप्टेंबरला जाळ्यात आलेल्या पिल्लाच्या कर्णाश्मात १०० वलये मोजली गेली, तर ते साधारण २४ मेच्या सुमारास अंड्यातून बाहेर पडले असे म्हणता येते. पहिले वलय कोणत्या दिवशी उमटते हे जातीनुसार बदलत असल्याने थोडी दुरुस्ती करावी लागते, एवढेच. अशी शंभर-दोनशे पिल्ले तपासली, की त्या जातीची वीण कोणत्या आठवड्यांत झाली आणि त्यांतली कोणती पिल्ले तगली, याचा माग लागतो.

खडा एकटा मात्र सगळे सांगत नाही. मासा नर की मादी, आणि ती विणीला आली आहे की नाही, हे गाबोळी पाहूनच ठरते. त्यासाठी गाबोळीच्या वजनाला माशाच्या वजनाने भागून शेकडेवारी काढतात. २०० ग्रॅमच्या मादीत ८ ग्रॅम गाबोळी असेल, तर ती ४ टक्के. महिन्यामागून महिने ही शेकडेवारी मांडत गेले, की विणीचा हंगाम दिसू लागतो. ज्या लांबीला निम्मे मासे प्रौढ झालेले आढळतात, ती त्या जातीची प्रथम प्रौढतेची लांबी. तिला कर्णाश्मावरून काढलेल्या वयाची जोड मिळाली, तरच ती लांबी गाठायला माशाला सहा महिने लागतात की तीन वर्षे, हे कळते, आणि किती मासेमारी सोसेल याचे उत्तर त्यावर अवलंबून असते. मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा, हा बंदरावरचा अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरत असला, तरी मंद वाढणारा जुना मासा आणि झपाट्याने वाढलेला तरुण मासा एकाच पाटीत एकाच लांबीचे असू शकतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाकडील खोल समुद्रातील ‘ऑरेंज रफी’ या माशाचे आयुष्य सुरुवातीला फार कमी धरले गेले होते. पुढे कर्णाश्म तपासल्यावर ते शंभर वर्षांहूनही अधिक असल्याचे दिसले, पण तोवर काही ठिकाणचे साठे भरमसाट मासेमारीने खालावले होते.

या अभ्यासाचा तुमच्या धंद्याशी थेट संबंध आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. लिलावात त्यावरून होणारी कुरबूर तुम्ही ऐकली असेल. असे आकडे अशाच नोंदींतून निघतात, आणि त्या नोंदी घेणाऱ्यांत जाळे, हंगाम आणि बाजार आतून माहीत असलेली माणसे असावीत, असे मला मनापासून वाटते.

शिक्षणाचा मार्ग तुमच्यापासून फार दूर नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला असून तेथे बी.एफ.एस्सी. ही मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी घेता येते. तिने जीवशास्त्र सोडू नये, एमएचटी-सीईटी गांभीर्याने द्यावी आणि प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच तपासावेत. पुढे एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी.साठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करूनही समुद्री जीवशास्त्राकडे वळता येते. परंतु मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशांत आणि पुढील भरतीत बी.एफ.एस्सी.ला जे स्थान आहे, ते त्या पदवीला सहज मिळत नाही. त्यामुळे दोन्हींची संधी असेल, तर मी बी.एफ.एस्सी.च निवडायला सांगेन. संख्याशास्त्राचा कंटाळा तिने करू नये. वलये मोजण्याच्या पुढचे बहुतेक काम आकडेमोडीचेच असते.

पोटापाण्याविषयी. कर्णाश्मांचे काम प्रत्यक्ष चालते ते केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, भारतीय मत्स्य सर्वेक्षण आणि विद्यापीठे यांसारख्या ठिकाणी. तेथील कायम पदे मोजकी असून त्यांची वाट पदव्युत्तर शिक्षण आणि स्पर्धा परीक्षा यांतून जाते. मधली काही वर्षे प्रकल्पावरील तात्पुरत्या नेमणुकांत जाऊ शकतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तथापि हीच पदवी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातील अधिकारीपदे, बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी, कोळंबी संवर्धन, बीज केंद्रे, मत्स्यखाद्य आणि मासळी प्रक्रिया उद्योग यांसाठीही चालते. म्हणजे संशोधनात जागा मिळाली नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत. फार्मसी वाईट नाही, पण ज्या मुलीला त्यात रस नाही तिला केवळ सुरक्षित वाटते म्हणून तिकडे पाठवण्याचा सल्ला मी देणार नाही.

समुद्रावर जाण्याविषयी सांगायचे, तर अभ्यासक्रमात आणि सर्वेक्षणाच्या कामात बोटीवरील दिवस येतात. कर्णाश्मांसाठी लागणारे मासे मात्र बहुतेक वेळा बंदरावर आलेल्या मासळीतूनच घेतले जातात आणि उरलेले काम प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसून होते. तांडेलाच्या मुलीला बोट लागेल, ही भीती तुम्हाला खरोखर आहे का?

तोवर घरच्या घरी तिने एक शिस्त लावून घ्यावी. मासा चिरण्यापूर्वी त्याची लांबी आणि वजन, नर की मादी, गाबोळी कितपत भरली आहे, तारीख आणि जाळ्याचा प्रकार वहीत लिहावा. दोन्ही खडे धुऊन, पूर्ण वाळवून कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवावेत आणि पाकिटावर वहीतला क्रमांक टाकावा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळात यांत्रिक बोटींची मासळी मिळणार नाही, तेव्हा त्या महिन्यांचे रकाने तिने रिकामेच सोडावेत, अंदाजाने भरू नयेत.

काडेपेटीतले आजवरचे खडे कोणत्या माशाचे, किती लांबीच्या, हे आता सांगता येणार नाही. त्यामुळे अभ्यासासाठी ते निरुपयोगी आहेत, पण हात बसवण्यासाठी उत्तम. एक खडा मधोमध आडवा मोडून त्याची मोडलेली कड मेणबत्तीवर तपकिरी होईपर्यंत चिमट्याने धरावी, तेलाचा थेंब लावावा आणि भिंगातून पाहावे. वर्षाची वलये वाचण्याची ही जुनी पद्धत आहे. ढोम्यात वलये दिसली, तर त्यांना लगेच वर्षे समजू नये; तिने आधी स्वतः मोजावीत, मग तिचा आकडा न सांगता तुमच्याकडून मोजून घ्यावीत, आणि दोघींचे आकडे जुळतात का ते पाहावे. प्रयोगशाळेतही दोन माणसे असेच वेगवेगळे मोजतात.