भावा, आधी हातचे पैसे मोज

सांगलीच्या विश्रामबागेतल्या 25 लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त 90 टक्के कर्ज देईल. म्हणजे अडीच लाख तुझे, वर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी वेगळी. घर वैनींच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत मिळते. पीएफमधून घरासाठी काढलेले पैसे परत भरावे लागत नाहीत, त्याची चौकशी आधी कर. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट मात्र करू नकोस. दोन हप्त्यांची ओढाताण मी भोगलीय. पंतप्रधान आवासचं 1.80 लाखांपर्यंतचं अनुदान पाच वर्षं हप्त्यानं कर्जखात्यात येतं, त्यामुळं ते डाउन पेमेंटमध्ये धरू नकोस. आणि हो, 2019 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारूनच इसार दे.